माझ्या नावावरची दोन मतं

दुसरा महिना, १० तारीख, १८०७

"तुमचं मत सकाळीच पडलंय, बाई."

मतपेटीमागे बसलेला कॅलेब टटल म्हणाला. वर न बघता! मी नुकतीच गाडीतून उतरले होते, बुटांचा चिखल पण वाळला नव्हता. म्हटलं, कॅलेब, मी आत्ता येते आहे. तर म्हणे, "नोंद आहे. केझाया थॉर्न, विधवा. आलात, चिठ्ठी दिलीत, गेलात. उंच बाई, करडी टोपी, खाली मान."

करडी टोपी. आम्हा क्वेकर पंथाच्या बायकांच्या सगळ्यांच्याच टोप्या करड्या आणि झगेही करडे. चारजणी एका ओळीत उभ्या केल्या तर सख्ख्या भावालाही बहीण शोधावी लागेल. कोणीतरी तेच घालून आलं, माझं नाव सांगितलं आणि माझं मत देऊन गेलं!

मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, "यंदा जिल्ह्यातल्या बायका फार उंच झाल्यात." दुसरा म्हणाला, "आणि दाढी करून आल्यात." सगळे हसले. मी हसले नाही. जिल्ह्याचं कोर्ट ब्रॅमहिललाच ठेवायचं की आमच्या ईस्ट लँडिंगला आणायचं, एवढाच काय तो प्रश्न. पण दोन्ही गावांची डोकी फिरली आहेत. बाप्ये झगे घालून एका पेटीवरून दुसऱ्या पेटीवर गाड्या पळवत होते, हे मी वाटेतच ऐकलं होतं.

टटल म्हणाला, "तुम्हीच खऱ्या तर घ्या शपथ." मुद्दाम म्हणाला. आम्ही शपथ घेत नाही हे त्याला पक्कं ठाऊक. शपथेवर खरं आणि एरवी काहीही, असं आमच्यात नाही. कायद्याने आमचं नुसतं 'मी खरं सांगते' चालतं. तेही त्याला ठाऊक. मी म्हटलं, "कॅलेब, तू मला ओळखतोस. तू खातोस ते लोणी माझ्या घरचं आहे. मी खरं सांगते, मी आज मत दिलेलं नाही."

तो नुसता कागद चाळत बसला. मग मी उभी राहिले. प्रार्थनासभेत तासन् तास गप्प बसायची सवय आहे, टेबलापुढे गप्प उभं राहायला काय लागतं? रांग लांबली. बाहेर पाऊस भुरभुरायला लागला, तशी माणसं ओरडायला लागली. "घे रे बाबा त्या बाईचं, आम्ही भिजतोय." शेवटी टटलने चिठ्ठी घेतली आणि पेटीत टाकली. टाकताना मोठ्याने म्हणाला, "थॉर्नबाईंचं दुसरं मत."

दुसरं! सगळ्या रांगेने ऐकलं.

ईस्ट लँडिंगला दिलं. कोर्ट जवळ आलं तर नवरा जोनाथन गेल्यापासून जमिनीच्या कागदांसाठी मी घालते ते खेटे वाचतील.

बेउला आज बरोबर नव्हती. दर वेळी माझी ही धाकटी बहीण येते आणि गाडीत बसून राहते. तिच्या घरी जनावरांची कातडी धुवायला माणसं आली होती म्हणे.


दुसरा महिना, १२

ब्रॅमहिल जिंकलं. जिल्ह्यात माणसं आहेत त्याहून मतं जास्त निघाली. अशी निवडणूक जिंकून कोणाला घास गोड लागत असेल?


दुसरा महिना, १५

सभेहून आले तर एनॉस दारात. माझा दीर. गिरणी चालवतो. आमच्या पंथाबाहेरची मुलगी केली म्हणून आमच्या क्वेकर सभेने त्याला कधीच काढून टाकलंय, आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. चुलीशी पाय पसरून बसला आणि माझा अर्धा पाव संपवला.

"वहिनी, तोंड पाडू नकोस. तुझ्यासाठीच तर केलं आम्ही सगळं."

"काय केलंस?"

"आईचा झगा घातला. तीन पेट्यांवर. तिसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्याने हात देऊन मला गाडीत चढवलं. 'सांभाळून हो मुली' म्हणाला."

सासूबाईंचा झगा! ज्या झग्यात त्या प्रार्थनेला बसायच्या, तो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "आणि टटलच्या पेटीवर माझं नाव सांगितलंस."

"नाही ग. काहीतरी बनवून सांगितलं. मार्था का मेरी, आठवत नाही आता."

"उंच बाई. करडा झगा. खाली मान. आणखी कोण?"

"वहिनी, तुझं नाव घ्यायची माझी छाती नाही. उद्या माझ्या पिठात खडे टाकशील." आणि हसला.

माझा विश्वास बसला नाही. तीन ठिकाणी खोटं बोललेला माणूस चौथ्या ठिकाणी खरं कशाला बोलेल? त्याला म्हटलं, टटलकडे जा आणि सांग. तर म्हणे, "मग मला तुरुंगात भाकरी तू आणून देणार का?"

उरलेला पाव कपाटात ठेवला. त्याला पुन्हा विचारलं नाही.


तिसरा महिना, ४

पेशन्स ॲलन आणि आणखी एक बाई आल्या. सभेने पाठवलं होतं. पेशन्स आमच्या बायकांच्या सभेतली सगळ्यात थोरली, तिने 'बस' म्हटलं की मांजरसुद्धा बसतं. तिने विचारलं, "केझाया, तू एका दिवसात दोनदा मत दिलंस असं बाहेरच्या जगात बोलतात. तू काय म्हणतेस?"

मी सांगितलं, एकदा दिलं.

"मग पहिलं कोणाचं?"

मी एनॉसचं नाव सांगितलं. पेशन्स म्हणाली, "पाहिलंस?" मी म्हटलं, नाही. "मग नाव घेऊ नकोस. स्वच्छ काही कळेपर्यंत हे प्रकरण उघडं राहील."

उघडं राहील! म्हणजे दर महिन्याला सभेत माझ्या नावापुढे ही गोष्ट लटकत राहणार. मी खोटी ठरले तर सभा मला काढून टाकेल. एनॉसला काढलं तेव्हा तो शीळ घालत घरी गेला. मला घालता येणार नाही. ज्या बाकावर माझी आई बसायची त्याच बाकावर मी बसते.

त्या गेल्यावर गुडघे टेकले. देवा, तुला तर माहीत आहे. पण तू टटलला सांगत नाहीस.


तिसरा महिना, ९

बाजारात लोण्याला गिऱ्हाईक बरं. एकाने विचारलं, "एकदाच तोललं का दोनदा?" त्याला लोणी दिलं नाही.


पाचवा महिना, २१

विधिमंडळाने ती निवडणूकच रद्द ठरवली. कोर्ट आहे तिथेच राहणार. एवढा गोंधळ घालून शेवटी जैसे थे.

बेउला आली होती. दोघी मिळून मेणबत्त्या ओतल्या, मागच्या तुकड्यांचं मेण वितळवून. मी तिला पुन्हा सगळं सांगितलं, टटल, एनॉस, पेशन्स. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ताई, तुझं निदान मत आहे तरी. चोरण्याजोगं."

वडील वारले तेव्हा आम्हा दोघींना सारखी जमीन आली. मी विधवा, म्हणून माझा वाटा माझा. बेउलाचा वाटा तिच्या लग्नाच्या दिवशी सायलसचा झाला. तिच्या अंगावरचा झगासुद्धा कायद्याने त्याचाच. मतासाठी पन्नास पौंडांची स्वतःची मालमत्ता लागते, तेव्हा तिला ते कुठून असणार? हे मला माहीत नाही का? पण माझा जीव जळत होता. मी म्हटलं, "तुला काय त्याचं? सायलस देतोच की घरातलं मत. तुला कधी डोक्याला ताप नाही."

ती साच्यातल्या वाती ताणत राहिली. जाताना चार मेणबत्त्या दिल्या, नको म्हणाली.


सहावा महिना, ३

चीज फुटलं. उन्हाने. वाया जाऊ नये म्हणून मीठ लावून ठेवलंय.


दहावा महिना, १३

वर्षाची निवडणूक. मत दिलं. टटलनेच घेतलं, आणि चिठ्ठी दोन्ही बाजूंनी उलटी करून बघितली, जणू तिच्या आत दुसरी लपली आहे.

एनॉस विधिमंडळावर निवडून आला. झगे घालून मतं देणारा माणूस आता कायदे करणार. मला त्याचं अभिनंदन करायला बोलावलं होतं. गेले नाही. कणीस सोलत बसले.


अकरावा महिना, १९



एनॉस राजधानीहून परत आला. आल्या आल्या माझ्याकडे, टोपीसुद्धा न काढता. मला वाटलं कोणी गेलं. म्हणाला, "वहिनी, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. सोमवारी नवा कायदा झाला. यापुढे मत फक्त गोऱ्या पुरुष नागरिकांना."

मी विचारलं, का?

"दुसऱ्या महिन्यातल्या गोंधळामुळे. झग्यांमुळे."

"झगे कोणी घातले होते?"

तो टोपी काढून चुलीकडे वळला.

"एनॉस, झगे कोणी घातले होते?"

"वहिनी, तिथे तुझंच उदाहरण दिलं. नाव नाही घेतलं, पण 'एका विधवेने एका दिवसात, एकाच पेटीत, दोनदा' असं. सगळे हसले."

"आणि तू?"

"मी काय उभा राहून सांगू? की झगे आमच्या अंगात होते?"

"हो. तेच सांगायचं होतं."

त्याने खांदे उडवले. मत कुठे दिलंस विचारलं तर म्हणे कायद्याच्या बाजूने, सगळेच देत होते.

पुरुषांनी बायकांचे कपडे घालून चोरी केली, म्हणून बायकांना शिक्षा! चोर मुलाने शेजाऱ्याचा कोट घातला तर शेजाऱ्याला फाशी द्यायची, असा न्याय!

आणि कशाच्या जोरावर? राज्यघटना १७७६ सालची आहे. वडिलांनी याच खोलीत वाचून दाखवली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. 'सर्व रहिवासी' असं त्यात लिहिलं आहे. वयात आलेले, पन्नास पौंडांचे. पुरुष असं नाही. वडिलांनी वाचायचं थांबवून माझ्याकडे आणि बेउलाकडे बघितलं होतं. नंतरच्या कायद्यात तर 'तो किंवा ती' असंच छापलं. त्यावरच मी आजवर मत देत आले.

एनॉसला म्हटलं, "घटना लोकांनी मिळून केली, तुम्हाला आवर घालायला. ती एका दुपारी साध्या कायद्याने तुम्हाला कशी बदलता येते?"

"बदलली नाही ग. लोकांच्या मनात शंका होती, ती दूर केली."

"कोणाच्या मनात? माझ्या नव्हती."

"तेव्हा घाईत लिहिली होती, वहिनी. इंग्रजांची जहाजं समोर उभी होती."

"घाईत लिहिलेली एवढी वर्षं चालली. ही तुमची सावकाश केलेली किती दिवस टिकते बघू."

कायद्यात कारण दिलंय म्हणे: राज्याची सुरक्षा, शांतता, सुव्यवस्था आणि प्रतिष्ठा. मी टेबलापुढे गप्प उभी राहिले त्याने कोणाची शांतता मोडली?

त्याला दार दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तसं काढलं असेल. पाव दिला नाही.


अकरावा महिना, २०

लोण्याची पिंपं आणायला सायरसकडे गेले. सायरस काळा आहे, पण कोणाचा गुलाम नाही, स्वतंत्र आहे, घर स्वतःचं. तोही मत द्यायचा. त्याच कायद्याने त्याचंही मत गेलं. मी माझा संताप सांगितला, पुष्कळ बोलले. तो पिंपाला कडं चढवत होता. म्हणाला, "बाई, तुमच्याबद्दल निदान एक गोष्ट तरी रचली त्यांनी. आमच्याबद्दल तेवढीही तसदी घेतली नाही."

पिंपं घेऊन आले.


अकरावा महिना, २२

सभेत बसले. सगळ्या शांत. माझ्या आत टटल, एनॉस, विधिमंडळ, सगळे मोठमोठ्याने बोलत होते. प्रार्थना झाली नाही.


अकरावा महिना, २९

अर्ज करायचा ठरवलं. विधिमंडळाला. आमच्या सभेच्या शाळेत शिकलेलं हे शुद्ध अक्षर दुसऱ्या कशासाठी आहे? जुन्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर मसुदा केला. त्यात स्पष्ट लिहिलं: त्या दिवशी कोणा बाईने लबाडी केली नाही, पुरुषांनी केली. पहिलं मत माझ्या नावाने एका पुरुषाने दिलं. त्याचं नाव एनॉस थॉर्न. आणि खाली: मी, केझाया थॉर्न, हे खरं सांगते.

पेशन्सकडे घेऊन गेले. तिने दोनदा वाचला. म्हणाली, "त्याला पाहिलं नाहीस असं तूच मला सांगितलं होतंस."

मी म्हटलं, "पेशन्स, तो माझ्या चुलीशी बसून तीन पेट्या कबूल करून गेला. त्यातलीच एक माझी. आणि माझ्या त्या एका गोष्टीवर त्यांनी सगळ्या बायकांना बाहेर काढलं. गोष्ट खोटी ठरली तर कायदा कशावर उभा राहील?"

ती बराच वेळ डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "मन इतकं स्वच्छ असेल तर कर. सही मी करीन. बाकीच्या विधवाही करतील. मग सभेतलं तुझं प्रकरणही मिटेल."

वर्षभरात पहिल्यांदा शांत झोप लागली.


बारावा महिना, ४

अर्ज स्वच्छ उतरवून झाला. उद्या-परवा सह्या. पेशन्सने माझ्या सहीसाठी जागा ठेवायला सांगितली, सगळ्यात वर.

बेउलाला वाचून दाखवला. तिने एक वाक्य परत वाचायला लावलं, 'एका पुरुषाने' ते. मी वाचलं. म्हणाली, "एनॉसला तुरुंग होईल का?" मी म्हटलं, होऊ दे. सायलस बाहेर हाक मारत होता, तशी ती उठली. शाल अंगावर घेतली, खाली ठेवली, परत घेतली. भूक नाही म्हणाली, तिच्या पोरांना थोडं पुडिंग बांधून दिलं.


बारावा महिना, ६

ती बेउला होती.

आज सकाळी एकटी चालत आली. दारातच म्हणाली, "ताई, तो अर्ज पाठवू नकोस. त्यातलं वाक्य खोटं आहे." मला वाटलं एनॉसने पढवून पाठवलं. मी काहीबाही बोलले. ती म्हणाली, "उंच कोण आहे आपल्यात, तू का मी?"

मी खाली बसले. खोटं नाव सांगितलंस, म्हटलं. क्वेकर बाई असून!

"हो. त्याचं सभेला मीच सांगणार आहे. काढून टाकलं तर टाकलं."

मग विचारलं, मत कोणाला दिलंस.

"ब्रॅमहिलला."

"माझ्या नावावर? माझ्याच विरुद्ध? अग, सायलससुद्धा ईस्ट लँडिंगचा!"

"सायलस ईस्ट लँडिंगचा, तू ईस्ट लँडिंगची. तिकडचा खालचा रस्ता दर वसंतात पाण्याखाली जातो, ताई. कोर्टाच्या तारखेला बायामाणसं पोचणार कशी? पण मला कोणी विचारलंच नव्हतं."

ते खरं आहे. रस्त्याचंही.

अर्जातलं ते वाक्य खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते सुचेना, म्हणून लेखणी तिच्या हातात दिली.